बेसकाकांचे कान

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं की मी बेसकाकांचं नाव घेतो. वडिलांना त्याचं वाईट वाटत नाही. घोडेगावच्या बाजारात जनावरांची ने-आण करणारा टेम्पो चालवून त्यांनी मला शिकवलं, आमच्या घरातला पहिला पदवीधर केलं. त्याला उपकार म्हटलं तर तेच रागावतील. पण पदवी हातात आल्यावर सुप्याच्या एमआयडीसीत जी नोकरी मला मिळाली, ती माझे कान शाबूत होते म्हणून मिळाली, आणि कान शाबूत राहिले ते बेसकाकांमुळे.

त्यांचं खरं नाव चर्चच्या मंडळीच्या रजिस्टरात असेल. नगरला आमच्या चर्चच्या आवारात लहानथोर सगळे त्यांना बेसकाकाच म्हणत. रविवारच्या उपासनेत ते बेस गिटार वाजवायचे. चार जाड तारांची ही गिटार. तिचा आवाज लोकांना वेगळा असा जाणवत नाही, पण ती थांबली की गाणं पायाखालची जमीन गेल्यासारखं डुगडुगायला लागतं. आठवड्याचे बाकीचे दिवस ते सुप्याच्या एका कारखान्यात, पत्रा ठोकणाऱ्या प्रेसवर असत. निवृत्तीआधीची शेवटची काही वर्षं कंपनीने त्यांना मशीनवरून काढून स्टोअरमध्ये बसवलं होतं. का बसवलं, हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

शर्टाच्या खिशात त्यांच्याकडे चुन्याची एक चपटी डबी असायची. नवीन माणूस तंबाखू मळत जवळ यायचा, "काका, जरा चुना द्या," म्हणायचा. काका डबी उघडून पुढे करायचे. आत कानात घालायचे नारिंगी स्पंजाचे बोळे. माणूस गोंधळायचा, आणि मग त्याची सुटका नसायची. काका त्याला तिथंच उभं करून बोळा कसा घालायचा ते शिकवायचे. आधी हात धुवायचे. बोळा दोन बोटांत वळून काडीसारखा बारीक करायचा. दुसरा हात डोक्यामागून आणून कानाची पाळी वर आणि मागे ओढायची, मग बोळा आत सरकवायचा आणि तो फुगेपर्यंत बोट तसंच दाबून धरायचं. नुसता अडकवलेला बोळा म्हणजे कानात घातलेलं फूल, असं ते म्हणत. कापसाचा तर त्यांना भारी राग. कापसानं झांजेची धार तेवढी थोडी जाते, ढोल आहे तसाच आत येतो, आणि माणूस मात्र आपण वाचलो असं समजून आणखी जवळ जाऊन उभा राहतो.

मी कॉलेजसाठी नगरला आलो, चर्चच्या वसतिगृहात राहिलो. कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये मागून आणलेली बेस गिटार मी पहिल्यांदा स्टेजवर वाजवली. स्पीकरच्या अगदी तोंडाशी उभा होतो. दुसऱ्या दिवशी उपासनेला गेलो तरी दोन्ही कानांत शिट्टी चालूच होती. बाहेर पडताना मी कान झटकत होतो, तेवढ्यात हा उंच, किडकिडीत माणूस समोर येऊन उभा राहिला.

"शिट्टी वाजती का?"

मी हो म्हणालो.

"कधीपासनं?"

"काल रात्रीपासून. जाईल आपोआप."

"या टायमाला जाईल," ते म्हणाले. "एक दिवस येईल आन जायाचंच इसरंल. शिकायला आलाय ना तू? मग हे पहिलं शिक, ग्रॅज्युएट."

मी तेव्हा पहिल्या वर्षाला होतो. त्या दिवसापासून त्यांनी मला दुसऱ्या नावाने हाक मारली नाही.

दर शनिवारी संध्याकाळी मी त्यांच्या घरी शिकायला जाऊ लागलो. घर दोन खोल्यांचं. काकू शिवणकाम करत. काका महिन्यातून एकदा गिटारच्या जुन्या तारा काढून काकूंच्या भाताच्या पातेल्यात उकळायचे, म्हणजे बोटांचा मळ निघतो आणि तारा पुन्हा खणखणीत बोलतात. काकू म्हणायच्या, "माझ्या पातेल्यात तारा शिजवायला लावल्यात, आता त्याच वाढा जेवायला." काका हसायचे नाहीत. तारा चिमट्याने काढून जुन्या धोतरावर पुसायचे.

त्यांची शिकवण अशीच कामाची होती. केबल कोपरावर गुंडाळायची नाही, तिला तिचा पीळ असतो, त्याच्या कलाने गोल सोडायची. अँप, म्हणजे गिटारचा स्वतःचा स्पीकर, जमिनीवर ठेवायचा नाही. "तो तुझ्या गुडघ्यांशी बोलतो, तुझे कान गुडघ्यात हायत का?" मग स्वतःला नीट ऐकू येत नाही म्हणून पोरं आवाज वाढवतात, ड्रमवाला त्याच्यावर मारतो, आणि सगळे मिळून एकमेकांचे कान खातात. त्यापेक्षा अँप खुर्चीवर, तोंड कानाकडे तिरकं, आणि आवाज निम्मा. ड्रमच्या झांजेच्या बाजूला उभं राहायचं नाही. हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागलं, तर तिथं बोळ्याशिवाय थांबायचं नाही. दोन गाण्यांमध्ये बाहेर जाऊन कानांना गप्प बसू द्यायचं. घरी हेडफोनवर सराव करताना आवाज इतकाच, की घरातल्या कोणी हाक मारली तर ऐकू यावी.

हे ते सांगत होते तेव्हा स्वयंपाकघरातून काकू त्यांना हाका मारत होत्या. तीन हाका झाल्या. काकांच्या कानावर हेडफोन नव्हता, पण ते माझ्याकडे पाहून बोलतच राहिले. मी हसलो. मला वाटलं, नवरा-बायकोचं काहीतरी बिनसलेलं आहे.

त्यांचे हट्ट होते, आणि आम्ही पोरं त्यांची नक्कल करायचो. ते फोनवर बोलत नसत, फोनवर माणूस खोटं बोलतो म्हणत. पाठीमागून कोणी बोललं तर उत्तर देत नसत. काही सांगायचं असेल तर पुढ्यात येऊन सांग, असा शिरस्ता. आणि सगळ्यात मोठा हट्ट फळीचा. आम्हाला अँप खुर्चीवर ठेवायला लावणारे काका स्वतःचा अँप मात्र चर्चच्या व्यासपीठावर एका लांबरुंद, आतून पोकळ लाकडी फळीवर ठेवत, आणि त्याच फळीवर चपला काढून अनवाणी उभे राहत. कीबोर्डचा मोठा स्पीकरही तिच्यावरच. वाजवताना त्यांचे डोळे कीबोर्डवाल्याच्या बोटांवर. सूर लावताना हनुवटी गिटारच्या लाकडावर टेकवायचे आणि डोळे मिटायचे. बायका म्हणायच्या, काय भक्ती आहे माणसाची.

दुसऱ्या वर्षी मी गावाकडच्या एका बॅन्जो ग्रुपमध्ये शिरलो. टेम्पोवर भिंतीएवढे स्पीकर, समोर नाचणारी पोरं, आणि मी स्पीकरला पाठ टेकून बेस वाजवणारा. काकांना सांगितलं नव्हतं. गावातल्याच एका वरातीत, टेम्पो बाजारतळाजवळ आला, आणि बघतो तर समोर काका. कोणाकडून कळलं कोण जाणे, नगरहून एसटीने आले होते. त्यांनी हात वर करून टेम्पो थांबवला. चढले, डबी उघडली, आणि दोनशे माणसांसमोर माझी पाळी ओढून दोन्ही कानांत बोळे घातले. लहान मुलाचं नाक पुसावं तसं.

खाली हशा उसळला. ग्रुपचा मालक ओरडला, "मास्तर, पोरगं बाळंतीण हाय का? कान बांधताय ते?"

काका त्याच्या तोंडाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "तुमी बी घ्या. डबीत लई हायत."

कोणी घेतले नाहीत. मला इतकी लाज वाटली की पुढे महिनाभर मी त्यांच्याकडे गेलो नाही. पण बोळे काढलेही नाहीत. प्रत्येक वरातीत घातले, आणि वर्ष संपायच्या आत तो ग्रुप सोडला.

नोकरीच्या आधी कंपनीत कानांची तपासणी असते. बंद खोलीत बसवून हेडफोन लावतात, बारीक बारीक शिट्ट्या सोडतात, ऐकू आली की बटण दाबायचं. आमच्या त्या बॅन्जो ग्रुपमधला, इलेक्ट्रॉनिक पॅड वाजवणारा मित्र माझ्याबरोबर होता. तो मशीनवरच्या कामासाठी नापास झाला. पंचवीस वर्षांचाही नव्हता. बाहेर बाकावर तो कागद हातात धरून बसला होता, आणि मी पास झालो हे त्याला कसं सांगावं ते मला कळत नव्हतं.

माझा कागद मी काकांना नेऊन दाखवला. पदवीचं प्रमाणपत्र त्यांनी नुसतं पाहिलं होतं, हा कागद मात्र त्यांनी चष्मा लावून वाचला. आलेखाच्या रेघेवरून बोट फिरवत नेलं आणि उजवीकडे एका जागी थांबवलं.

"हितं खड्डा पडतो. पयल्यांदा हितंच. माणसाला कळत बी न्हाई. बोलणं ऐकू येतं, पर शब्द लागत न्हाईत. तुझी रेघ सरळ हाय."

"तुमच्या रेघेला खड्डा आहे का, काका?" मी सहज विचारलं.

त्यांनी कागदाची घडी केली, माझ्या खिशात घातली आणि काकूंना चहा टाकायला सांगितलं. मला तेव्हा समजायला हवं होतं. समोर आलेख होता आणि मी विज्ञानाचा पदवीधर होतो.

मागच्या वर्षी मंडळीने चर्चसाठी नवीन साऊंड घ्यायचं ठरवलं. पाळकसाहेबांनी, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंनी, ते काम माझ्याकडे दिलं. शिकलेला मुलगा, वाजवतोही. मी मनापासून केलं. इतकी वर्षं काकांनी जे शिकवलं ते सगळं एका कागदावर मांडून केलं. व्यासपीठावर आवाज जितका कमी तितके कान सुरक्षित, म्हणून सगळे अँप काढले. बेस आणि कीबोर्ड थेट मिक्सरला, म्हणजे सगळ्यांचे आवाज जिथून कमीजास्त करतात त्या यंत्राला, जोडले. प्रत्येक वादकाच्या कानात छोटे इअरफोन, ज्याला जे हवं ते हळू आवाजात ऐकावं. एका मर्यादेपुढे आवाज जाऊच नये अशी सोय केली. व्यासपीठावर जाड गालिचा टाकला, म्हणजे आवाज घुमायला नको. फळी उचलून मागच्या खोलीत उभी करून ठेवली.

काकांना बोलावून दाखवलं. मला शाबासकी हवी होती. ते गालिच्यावर उभे राहिले. थोडा वेळ पायाची बोटं हलवत राहिले. मग म्हणाले, "चांगलं केलंस. कानाला चांगलं हाय." आणि चपला घालून निघून गेले. तालमीला दोनदा आले. तेव्हा त्यांनी कीबोर्डवाल्याच्या बोटांकडे पाहून बरोबर वाजवलं, म्हणून मला काही वेगळं जाणवलं नाही.

नाताळची उपासना. चर्च गच्च भरलेलं, मागे खुर्च्या टाकलेल्या. थंडीने बायकांचे गळे बसले होते, त्यामुळे ऐनवेळी ठरलं की पहिलं गीत काळी एकऐवजी पांढरी एकमध्ये, म्हणजे अर्धा सूर खाली घ्यायचं. कीबोर्डवाल्याने ते वळून सगळ्यांना सांगितलं. काका तेव्हा खाली वाकून केबल लावत होते. कीबोर्डवाल्याने एक बटण दाबून पट्टी उतरवली. अशी बटणाने पट्टी उतरवली की बोटं नेहमीच्याच जागी चालतात, सूर मात्र खालचा येतो. काकांनी बोटं पाहिली आणि नेहमीच्या पट्टीत सुरू केलं.

पहिल्याच ओळीला सगळं चर्च शहारलं. अर्ध्या सुराचा फरक हा फार वाईट असतो, दात करकरल्यासारखा. पुढच्या बाकावरची मुलं तोंडावर हात ठेवून हसू लागली. चर्चचा कारभार पाहणाऱ्या पंच मंडळींतल्या एकाने वळून माझ्याकडे पाहिलं. मी मागे मिक्सरवर होतो. काकांच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. ते शांतपणे, मनापासून वाजवत होते. मी हात केले, मान हलवली. ते कीबोर्डकडेच पाहत होते.

मी त्यांचा फेडर, म्हणजे त्यांच्या आवाजाची सरकती कळ, ओढून शून्यावर आणली.

एका गीतापुरतंच करायचं होतं. पण दुसऱ्या गीताला पुन्हा चढवायचं धाडस झालं नाही. तिसऱ्यालाही नाही. सगळी उपासना काका वाजवत राहिले आणि त्यांचा एकही सूर चर्चमध्ये कोणाला ऐकू आला नाही. त्यांनाही त्याचा पत्ता लागला नाही. त्यांचं वाजवणं थांबलेलं नाही आणि आवाज मात्र नाही, असं ते दीड तास मी पाहत बसलो.

उपासना संपल्यावर लोक एकमेकांना भेटत होते, केक वाटत होते. काका नेहमीसारखी केबल गोल करत मिक्सरपाशी आले. तिथं प्रत्येक कळीखाली पांढऱ्या पट्टीवर मी नावं लिहिली होती. बाकीच्या कळी वर होत्या. "बेसकाका" लिहिलेली तळाला होती. मी ती उचलायला विसरलो होतो.

त्यांनी पाहिलं. केबल टेबलावर ठेवली.

"पयल्या गाण्यापासनं?" त्यांनी विचारलं.

मी होकाराची मान हलवली.

"बरं केलंस," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

त्यानंतर ते चर्चमध्ये वाजवायला आले नाहीत. उपासनेला येतात, शेवटच्या बाकावर बसतात, आशीर्वाद होताच उठून जातात. मी घरी गेलो तेव्हा आतल्या खोलीचं दार लावलेलं होतं. काकूंनी शिलाई मशीन थांबवलं आणि मला बसायला सांगितलं. काकांना ऐकू येतं ना, असं मी विचारल्यावर त्यांनीच सांगितलं की उजवा कान केव्हाच गेला आहे, डाव्याचं थोडं उरलं आहे. प्रेसवरच्या पहिल्या वर्षांत बोळे कोणी देत नव्हतं, आणि रात्री ते ऑर्केस्ट्रात वाजवायचे.

"पायानं ऐकतात ते," काकू म्हणाल्या. "फळी होती तवर चाललं. तू फळी काढलीस, त्या दिवशी जेवले न्हाईत."

मी विचारलं, मला का सांगितलं नाही. निदान मला.

"कंपनीत कळलं तवा मशीनवरनं उठवून स्टोअरात बसवलं," काकू म्हणाल्या. "चर्चमदी कळलं असतं तर कुठं बसवलं असतं?"

कुठे बसवलं असतं ते मी नाताळला करून दाखवलं होतं.

काका फोन घेत नाहीत. दाराबाहेरून बोललेलं त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. म्हणून मी पत्र लिहिलं आणि काकूंच्या हातात दिलं. ते असं होतं:

प्रिय काकांना,

सप्रेम सलाम.

हे पत्र तुम्ही एकटे असताना वाचा. यात लिहिलेलं मी कोणालाही सांगितलेलं नाही, पाळकसाहेबांनाही नाही.

तुम्हाला किती ऐकू येतं हे मला आता माहीत आहे. काकूंवर रागावू नका, मीच विचारलं. शनिवारी तुमच्यासमोर बसून इतकी वर्षं मी तुमच्याकडून कान कसे सांभाळायचे ते शिकलो आणि तुमच्या कानांकडे एकदाही पाहिलं नाही. याची मला लाज वाटते.

फळी काढली तेव्हा तुमचंच शिकवलेलं करतोय असं मला वाटत होतं. ती चूक अज्ञानाने झाली, तिची क्षमा मागतो. फेडर खाली ओढला ते अज्ञानाने नाही. मला भीती वाटली, लोक माझ्याकडे पाहत होते, आणि मी आधी स्वतःला वाचवलं. एका गीतानंतर तो परत चढवता आला असता. दुसऱ्या गीताला कीबोर्डवाल्याने पट्टी पुन्हा नेहमीची केली होती आणि तुम्ही बरोबर पट्टीत होता, मी तुमची बोटं पाहिली. तरीही चढवला नाही. हे तुम्हाला माझ्याकडूनच कळावं म्हणून लिहितो.

साऊंड बदलता येईल. कीबोर्डवाल्याला पट्टीचं बटण वापरू नको म्हणून सांगता येईल, किंवा पट्टी पाटीवर लिहून तुमच्यासमोर ठेवता येईल. कानांच्या डॉक्टरांकडे तुमच्याबरोबर यायला मी रजा काढीन. डाव्या कानाला यंत्र लावून किती फरक पडेल ते तेच सांगतील. मी खोटी आशा देत नाही. हे सगळं करायचं तर लोकांना कारण सांगावं लागेल. ते सांगायचं की नाही, हे तुमच्या हातात आहे.

आणखी एक. तुमच्या जागी मी वाजवावं असं पंच मंडळींनी मला सुचवलं आहे. ईस्टरच्या आधी उत्तर हवं म्हणतात. मी हो म्हटलेलं नाही आणि नाहीही म्हटलेलं नाही. तुम्हाला पुन्हा वाजवायचं असेल तर एका ओळीत लिहा, मी त्यांना तसं सांगेन आणि कोणी काही बोललं तरी मागे हटणार नाही. नको असेल तर तेही लिहा. मी आग्रह करणार नाही. पण लिहा, काका. एकदा मी तुम्हाला न विचारता ठरवलं. दुसऱ्यांदा माझ्याने ते होणार नाही.

तुमचा,
ग्रॅज्युएट